बारा नावं

(दृश्य : नेरूळ. संध्याकाळ. सेक्टरमधलं सिमेंटचं कोर्ट. एका रिंगला जाळी आहे, दुसरीला नाही.)

संध्याकाळची पनवेल लोकल नेरूळला रिकामी होते, आणि थोड्याच वेळात या कोर्टावर बॉलचा आवाज सुरू होतो. सिमेंटवर आपटणाऱ्या बॉलचा आवाज लाकडी कोर्टासारखा घुमत नाही. कोरडा येतो, थेट हाडाला लागतो. गुडघे इथेच जातात, असं सर सांगतात, आणि सांगताना हात आपसूक स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर जातो.

सरांनी नाव सांगू नका म्हणून बजावलंय, तेव्हा आपणही त्यांना सरच म्हणू. खेळाडू कोट्यातून नोकरी लागली, खात्याच्या टीमकडून खेळले. आपल्याकडे बास्केटबॉलवर घर चालवायचं तर वर्षानुवर्षं रस्ता हाच : रेल्वे, सेनादल, पोलीस, ओएनजीसी, बँका. पहाटे प्रॅक्टिस, दहा वाजता ऑफिसात सही. चाळिशीच्या आत शरीरानं नाही म्हटलं की उरते ती नुसती सही.

सर मुलांच्या टीमचे मॅनेजर झाले.

(दृश्य : फुगलेली प्लास्टिकची फाईल. रबरबँड.)

आपल्याकडे मॅनेजर म्हणजे आधी ही फाईल. जन्माचे दाखले, आधारच्या झेरॉक्स, शाळेचं बोनाफाइड, प्रत्येकाचे चार फोटो. मग पाण्याचे कॅन, केळी, क्रेप बँडेज, बर्फ. तिकिटं आरएसीत अडकली तर रात्रभर कोण बसून जाणार, हेही मॅनेजरनंच ठरवायचं. (तो स्वतःच बसतो.) आणि प्रत्येक दौऱ्यात एकजण बूट घरी विसरतोच.

एवढंच काम असतं तर ही फिल्म आम्ही केली नसती. फाईलमध्ये सगळ्यात वर एक साधा कागद असतो, त्यावर बारा नावं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मॅचसाठी टीममध्ये जास्तीत जास्त बारा खेळाडू : पाच कोर्टवर, सात बाकावर. अख्खं तरुणपण सरांनी अशा कागदावर स्वतःचं नाव शोधण्यात घालवलं. आता त्या कागदासाठी पेन त्यांच्या हातात असतं.

(दृश्य : मोबाइलचा स्क्रीन. जुन्या मॅचचं फुटेज. निळी-लाल जर्सी, नंबर ४.)

ज्या काळात जो तो मायकल जॉर्डन व्हायला निघाला होता, त्या काळात सरांचा हिरो होता जॉर्डनला अडवणारा माणूस. जो डुमार्स, अमेरिकेतल्या डेट्रॉइट पिस्टन्स या टीमचा गार्ड. १९८५च्या ड्राफ्टमध्ये (सगळ्या टीम आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, तो ड्राफ्ट) तो अठराव्या नंबरवर निवडला गेला, म्हणजे सतरा जण त्याच्या आधी गेले. पुढे चौदा सीझन खेळला, सगळे एकाच टीमकडून. १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन विजेतेपदं, त्यातल्या पहिल्या फायनलचा तो सर्वोत्तम खेळाडू. पिस्टन्सची ती टीम धसमुसळी म्हणून बदनाम होती आणि हा माणूस त्यातला सज्जन. इतका, की एनबीए या तिथल्या लीगमध्ये खिलाडूवृत्तीसाठी दिल्या जाणाऱ्या ट्रॉफीला आज त्याचंच नाव आहे.

१९९९ला तो निवृत्त झाला. २००० साली त्याच क्लबनं अख्खी टीम बांधायचं काम त्याच्या हवाली केलं.

अमेरिकेतला हा कारभारी केळी वाहत नाही. कोणाला घ्यायचं, कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा, कोणाला दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात काय मागायचं, कोच ठेवायचा की काढायचा, हे सगळं त्याच्याकडे. पगारावर लीगनं घातलेली मर्यादा वेगळीच. सज्जन माणसाला हे जमेल का, अशी शंका कुणालाही आली असती.

पहिल्याच उन्हाळ्यात टीमचा सगळ्यात मोठा खेळाडू, ग्रँट हिल, ऑर्लँडोच्या टीमकडे निघाला. थांबवणं शक्य नव्हतं. डुमार्सनं निदान बदल्यात काहीतरी पदरात पाडून घेतलं : चकी ॲटकिन्स आणि बेन वॉलेस. वॉलेस म्हणजे ज्याला ड्राफ्टमध्ये कोणीच निवडलं नव्हतं असा सेंटर, म्हणजे रिंगजवळ उभा राहणारा खेळाडू, आणि सेंटरच्या मानानं बुटका. हिलच्या घोट्यानं दगा दिला, ऑर्लँडोसाठी पहिल्या चार सीझनमध्ये मिळून तो ४७ मॅच खेळला. वॉलेस चार वेळा लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. यात नशिबाचा वाटा मोठा होता, हे सरही कबूल करतात. पण न निवडलेल्या माणसाकडे बघायचं कसं, हे नशीब शिकवत नाही, असं त्यांचं म्हणणं. अठराव्या नंबरवर बसून ज्यानं वाट पाहिलीय त्याला ते कळतं.

पुढची माणसंही याच जातकुळीतली. चॉन्सी बिलअप्स बॉस्टन, टोरोंटो, डेन्व्हर, मिनेसोटा करत २००२मध्ये डेट्रॉइटला आला. टेशॉन प्रिन्स त्याच वर्षीचा, तेविसाव्या नंबरचा. रिचर्ड हॅमिल्टनला वॉशिंग्टननं अदलाबदलीत देऊन टाकलं. २००४च्या फेब्रुवारीत रशीद वॉलेस आला. आणि त्या जूनमध्ये, अमेरिकेत रात्र आणि आपल्याकडे सकाळ असताना, शकील ओ'नील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन अशा दिग्गजांच्या लेकर्स टीमला फायनलमध्ये या टीमनं ४-१ असं हरवलं. शेवटची मॅच १००-८७. सर त्या दिवशी ऑफिसला उशिरा पोहोचले. कारण काय दिलं, ते आजही सांगत नाहीत.

(दृश्य : कोर्ट. मुलं लेअप मारतायत. एकाचा चुकतो, तो रांगेत मागे जातो.)

इथपर्यंतची गोष्ट सगळेच सांगतात. सरांना त्याच्या आधीची जास्त महत्त्वाची वाटते. २००३च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटला दुसरा नंबर मिळाला होता. पहिला लेब्रॉन जेम्स गेला. डुमार्सनं निवडला डार्को मिलिचिच. तिसरा कार्मेलो अँथनी, चौथा ख्रिस बॉश, पाचवा ड्वेन वेड. मिलिचिच बाकावरच बसून राहिला. त्याच उन्हाळ्यात, लागोपाठ दोन वर्षं पन्नास मॅच जिंकून देणाऱ्या रिक कार्लाइल या कोचलाही डुमार्सनं काढलं आणि लॅरी ब्राउनला आणलं. एक निर्णय साफ फसला, दुसऱ्यानं विजेतेपद दिलं. माणूस तोच, उन्हाळाही तोच.

मिलिचिचचं नाव डुमार्सला आजही चिकटून आहे. खेळताना चुकलेला शॉट पुढच्या रिबाउंडपर्यंतच टिकतो. इथे तसं नाही.

आणि चांगला खेळाडू म्हणजे चांगला कारभारी, असंही नाही. त्याच पिस्टन्समध्ये डुमार्सच्या शेजारी खेळायचा आयझेया थॉमस. बॉल हातात असताना दोघांत सरस तोच, यावर वाद नको. त्याच्याकडे २००३ला न्यूयॉर्क निक्सचा कारभार आला. पैसा पाण्यासारखा गेला, विजय आले नाहीत, २००८ला त्याला जावं लागलं. एकाच टीमचे दोन गार्ड, रोज शेजारी उभे राहिलेले. सर म्हणतात, थॉमसला खेळताना सगळं आपोआप सुचायचं. ज्याला आपोआप सुचतं त्याला दुसऱ्याचं न सुचणं कळत नाही. मला हे पूर्ण पटत नाही, कारण टोरोंटोत असताना याच थॉमसनं ट्रेसी मॅकग्रेडी हेरला होता. पण सरांशी वाद घालायला गुडघे चांगले हवेत. ते बोलता बोलता कोर्टाला फेऱ्या मारतात.

(दृश्य : दिवे लागलेत. सर कागदावर काहीतरी खोडतायत.)

आज निवड आहे. पंधरा-सोळा मुलं, वय सतराच्या आत. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, दोघं पार कळव्याहून, ठाण्याला गाडी बदलून येणारे. नोटीस खांबाला चिकटवायची, हा जुना रिवाज सरांनी बंद केला. खेळायच्या दिवसांत त्यांनी स्वतः असा कागद दोनदा वाचला होता, वरून खाली आणि पुन्हा खालून वर. त्यामुळे आता यादी वाचण्याआधी ते तेराव्याला बाजूला बोलावतात आणि तोंडावर सांगतात. कारणासकट : डावा हात कच्चा आहे, बचावाला परतताना चालतोस. मुलगा मान हलवतो. सरांच्या खांद्याइतका उंच, आवाज नुकता फुटलेला.

त्याच्यात आणि बाराव्यात फार फरक नव्हता, हे सरांना माहीत आहे. तो बाराव्याहून मेहनती आहे, हेही. बारावा दोन इंच उंच आहे.

मग बारा नावं मोठ्यानं वाचली जातात. टाळ्या, पाठीवर थापा, एकाचा घरी फोन. झेरॉक्स उद्या आणा रे, बूट आजच बॅगेत टाका.

(दृश्य : कोर्ट रिकामं. सर बॉल जाळीच्या पिशवीत भरतायत.)

स्कूटरची किल्ली काढताना सरांचा फोन वाजतो. तेराव्याचे वडील. सर एकदा वाजू देतात, दुसऱ्यांदा वाजू देतात, मग पिशवी खाली ठेवून उचलतात.

"हो, बोला साहेब."