क्षेत्रकार्याची नोंद आणि पर्यवेक्षकाचा तास

(समाजकार्याचे अध्यापक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सहकारी अध्यापकहो आणि विद्यार्थीमित्रहो,

समाजकार्याच्या शिक्षणावर चर्चा निघाली की ती फिरून फिरून अभ्यासक्रमापाशी येते. कोणता विषय कोणत्या सत्रात घ्यावा, त्याला किती श्रेयांक द्यावेत, प्रबंध सक्तीचा ठेवावा की ऐच्छिक, यावर आपण तासन्‌तास बोलतो, आणि तसे बोलणे आवश्यकही आहे. आज मात्र मला वेळापत्रकात जेमतेम एका ओळीची जागा मिळणाऱ्या एका गोष्टीविषयी बोलायचे आहे. विद्यार्थी क्षेत्रकार्यावरून, म्हणजे संस्थेत किंवा वस्तीत करायच्या प्रत्यक्ष कामावरून, परततो, तेथे जे घडले ते सविस्तर लिहून काढतो आणि ठरलेल्या दिवशी पर्यवेक्षकासमोर बसून त्या लिखाणावर बोलतो. समाजकार्यकर्ता मुख्यत्वे या तासात घडतो, असे माझे ठाम मत आहे. आणि मनुष्यबळ अपुरे पडू लागले की सर्वांत आधी कात्री लागते तीही याच तासाला.

या व्यवसायाचे शिक्षण सुरू झाले ते एका असमाधानातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील आणि युरोपातील धर्मादाय संस्थांमध्ये येणारी नवी माणसे जुन्या कार्यकर्त्यांच्या हाताखाली राहूनच काम शिकत. अशा शिकण्यात जुन्याचे शहाणपण जसे नव्यात उतरे, तसेच त्याचे पूर्वग्रहही उतरत, आणि या दोहोंत फरक कसा करायचा हे विचारण्याची सोय कुठेच नसे. १८९७ साली टोरांटो येथे भरलेल्या परिषदेत अमेरिकी धर्मादाय संस्थांत काम करणाऱ्या मेरी रिचमंड यांनी अशा कामासाठी स्वतंत्र प्रशिक्षणशाळा हवी, अशी मागणी मांडली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या धर्मादाय संघटन संस्थेने सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग सुरू केला आणि त्याच वर्गातून पुढे कोलंबिया विद्यापीठाचे समाजकार्य विद्यालय उभे राहिले. १८९९ मध्ये ॲमस्टरडॅमला दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९०८ मध्ये ॲलिस सॉलोमन यांनी बर्लिनमध्ये स्त्रियांसाठी समाजकार्याची शाळा काढली. पुढे समाजकार्य शाळांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या आणि १९३७ मध्ये नाझी राजवटीने त्यांना देशाबाहेर घालवले. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने पदव्युत्तर शाळा निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. देश वेगळे, भाषा वेगळ्या, गरजा वेगळ्या; तरीही वर्गातील अभ्यास आणि प्रत्यक्ष काम यांची सांगड या शिक्षणात पहिल्यापासून घातलेली दिसते.

ही सांगड कधीच सुखाची नव्हती. शिकागोमध्ये एडिथ ॲबट आणि सोफोनिस्बा ब्रेकिन्‌रिज यांनी १९२० साली आपली शाळा विद्यापीठात विलीन केली, कारण कायदा, संख्याशास्त्र आणि शासनव्यवहार यांचा भक्कम अभ्यास नसलेला कार्यकर्ता केवळ संस्थेच्या सोयीचा राहील, अशी त्यांची धारणा होती. दुसऱ्या बाजूला संस्थाचालकांना पदवीपेक्षा कामाला सरावलेला माणूस हवा असे. ज्ञान विद्यापीठात आणि कसब संस्थेत अशी ही वाटणी आजही आपल्या अंगवळणी पडलेली आहे. विद्यार्थी सोमवारी मानसशास्त्राचा तास करतो, गुरुवारी वस्तीत जातो आणि या दोन दिवसांची गाठ कुठे पडते हे त्याला कुणी सांगत नाही.

१९१५ साली बाल्टिमोरच्या परिषदेत अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी समाजकार्य हा व्यवसाय आहे का, असा प्रश्न विचारला. वैद्यकीय शिक्षणावरील १९१०च्या अहवालामुळे त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. त्यांचे उत्तर नकारार्थी होते. समाजकार्यकर्ता डॉक्टर, वकील, शिक्षक यांच्यामध्ये दुवा म्हणून वावरतो, त्याचे स्वतःचे असे शिकवता येण्याजोगे तंत्र नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. हा आक्षेप या क्षेत्राच्या जिव्हारी लागला. पुढची कित्येक वर्षे व्यक्तिसहाय्याच्या, म्हणजे एकेका व्यक्तीला किंवा कुटुंबाला मदत करण्याच्या, पद्धती बारकाईने लिहून काढण्यात, मनोविश्लेषणातून आधार शोधण्यात आणि तंत्राचे शास्त्र बनवण्यात गेली. त्यातून बरेच मौलिक काम झाले, हे मान्य करूनही मला वाटते की आपण उत्तर थोडे चुकीच्या जागी शोधले. गुंतागुंतीच्या, अपुऱ्या माहितीच्या प्रसंगात, दुसऱ्याच्या आयुष्यावर परिणाम करणारा निर्णय जबाबदारीने कसा घ्यावा, हे समाजकार्यकर्त्याला यावे लागते. आणि ते शिकवता येते. कसे, ते एका उदाहरणावरून सांगते.

पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात क्षेत्रकार्य करत होती. खुब्याचे हाड मोडलेल्या एका वृद्ध स्त्रीला घरी सोडल्यानंतर तिची गृहभेट घेण्याचे काम तिच्याकडे आले. भेटीनंतरची तिची पहिली नोंद चार ओळींची होती. आजींनी सहकार्य केले नाही, सून समजूतदार व बोलकी आहे, घरचे वातावरण चांगले आहे, व्यायामाचे महत्त्व पटवून दिले, एवढेच तीत होते. मराठीच्या दृष्टीने नोंद निर्दोष होती. तिच्यावर सही करून ती बाजूला ठेवता आली असती, आणि अनेक ठिकाणी तसेच होते.

पर्यवेक्षिकेने ती नोंद पुढ्यात ठेवून काही साधे प्रश्न विचारले. घरात शिरल्यावर तू कुठे बसलीस? आजी कुठे होत्या? पहिला प्रश्न कुणाला विचारलास आणि उत्तर कुणी दिले? विद्यार्थिनीला हळूहळू आठवू लागले. तिने आजींना विचारले होते, ‘आता चालताना दुखतं का?’ उत्तर सुनेकडून आले, ‘नाही, आता बरं आहे त्यांना.’ मग तिने विचारले, रात्री झोप लागते का. त्याचेही उत्तर सुनेनेच दिले. त्या वेळी आजींनी गुडघ्यावरची चादर वर ओढून घेतली आणि मान वळवली. तिसरा प्रश्न विचारला तोवर विद्यार्थिनी स्वतःच नकळत सुनेकडे वळून बसली होती. म्हणजे ज्यांनी सहकार्य केले नाही असे नोंदीत लिहिले होते, त्यांना बोलायची संधीच मिळाली नव्हती.

पुन्हा लिहिलेली नोंद तीन पानांची झाली. तीत काय घडले, कोण काय बोलले, ते ऐकताना मला काय वाटले आणि त्यावरून मी कोणता अर्थ लावला, हे सारे वेगवेगळे मांडलेले होते. आपल्या भावनांविषयी तिने लिहिले होते की सून भराभर उत्तरे देत असल्याने मला हायसे वाटले, कारण माझी प्रश्नावली पूर्ण होत होती. एवढे प्रामाणिक वाक्य विद्यार्थ्याच्या हातून उमटते, तेव्हा शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झालेले असते. त्यातूनच पुढच्या भेटीची आखणी झाली. आजींशी थोडा वेळ एकांतात बोलायचे ठरले, आणि सुनेलाही तिचा दिवस कसा जातो हे विचारायचे ठरले, कारण रात्री आजींना उठवून बसवण्याचे काम तीच करत होती आणि तिला त्याविषयी आजवर कुणी विचारलेले नव्हते. सेवार्थीला, म्हणजे ज्याच्यासाठी काम करायचे त्या व्यक्तीला, बोलू द्यावे, निवाडा करू नये, निर्णयाचा अधिकार त्याचाच मानावा, ही तत्त्वे त्या विद्यार्थिनीने परीक्षेत व्यवस्थित लिहिली होती. मान वळवून बसलेल्या आजींसमोर ती कशी पाळायची, हे तिला या तासात कळले.

अनुभव माणसाला शिकवतो असे आपण सहज म्हणून जातो. माझ्या मते अनुभव एकटा फारसे शिकवत नाही. तो सवय लावतो. दहा गृहभेटींत सुनेशीच बोलण्याची सवय लागली तर अकराव्या भेटीत ती अधिक सफाईने होईल, इतकेच. त्या सवयीला मध्येच थांबवून तिच्याकडे पाहायला लावणारे कुणीतरी लागते. अमेरिकेतील अधिस्वीकृतीच्या नियमांत पदवीसाठी किमान ४०० आणि पदव्युत्तर पदवीसाठी किमान ९०० तासांचे क्षेत्रकार्य ठरवलेले आहे, आणि २००८ पासून तेथील मानकांत क्षेत्रशिक्षण हीच या व्यवसायाची ओळख ठरणारी अध्यापनपद्धती मानली गेली आहे. तास मोजणे गरजेचे आहेच, कारण न मोजल्यास ते कमी होत जातात. पण नऊशे तासांची हजेरी भरलेली आणि त्यांपैकी एकाही तासाची नीट चिकित्सा न झालेली, असे विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडत असतील तर त्या हजेरीपत्रकाचा सेवार्थीला काय उपयोग?

पर्यवेक्षकाच्या तासात आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला फार मोलाची वाटते. हॅरॉल्ड सर्ल्स या मनोविकारतज्ज्ञांनी १९५५ साली असे निरीक्षण मांडले की, रुग्ण आणि उपचारक यांच्यात जे चालले आहे त्याचे प्रतिबिंब उपचारक आणि त्याचा पर्यवेक्षक यांच्या नात्यात पडते. समाजकार्यात हे वारंवार दिसते. हतबल झालेल्या कुटुंबाबरोबर काम करणारा एरवी तडफदार असणारा विद्यार्थी पर्यवेक्षकासमोर येऊन ‘तुम्हीच सांगा आता काय करू’ म्हणतो. अशा वेळी पर्यवेक्षकाने चटकन उपाय सांगून टाकला, तर विद्यार्थीही त्या कुटुंबाला चटकन उपाय सांगून मोकळा होतो. पर्यवेक्षकाने धीर धरला, त्याला स्वतः विचार करायला अवकाश दिला, तर तो धीर पुढे त्या कुटुंबापर्यंत पोहोचतो. आपण विद्यार्थ्याशी जसे वागतो तसे तो सेवार्थीशी वागायला शिकतो, म्हणूनच विद्यार्थ्याचा अपमान करणाऱ्या पर्यवेक्षकाला मी या कामासाठी अपात्र मानते, त्याचा विषयाचा अभ्यास कितीही मोठा असो.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. अशा शिक्षणाने विद्यार्थी स्वतःच्या मनातच डोकावत बसतो, एकेका कुटुंबात गुंततो आणि दारिद्र्य, भेदभाव, धोरणे यांकडे त्याची पाठ फिरते, असे काही सहकारी म्हणतात. २०१४ साली मेलबर्न येथे स्वीकारलेल्या समाजकार्याच्या जागतिक व्याख्येत सामाजिक बदल, सामाजिक न्याय आणि मानवी हक्क यांना मध्यवर्ती स्थान आहे, याकडे ते लक्ष वेधतात. आक्षेपातील चिंता मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. समुदाय संघटनाच्या बैठकीची नोंदही याच बारकाईने लिहिता येते. बैठकीत कोण पुढे बसले, कोण दाराशी उभे राहिले, पाण्याच्या प्रश्नावर बोलायला उठलेल्या बाईंना कुणी मध्येच अडवले, ठराव संमत झाला तेव्हा कोण गप्प होते, हे ज्याला दिसले नाही त्याच्या लेखी तो ठराव साऱ्या वस्तीचा असतो. सत्ता अशाच तपशिलांतून चालते. आणि नोंदी वाचताना पर्यवेक्षकाला वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या कुटुंबांत एकच अडचण पुन्हा पुन्हा दिसली, एकाच कागदपत्रासाठी अनेकांचे हेलपाटे होताना दिसले, तर तो प्रश्न धोरणाचा आहे हे विद्यार्थ्यांसमोर मांडण्याची सर्वांत चांगली जागा गटचर्चेचा तास हीच आहे.

वर्गातील भूमिकाभिनय, प्रशिक्षित व्यक्तीला सेवार्थी बनवून घेतलेली सरावाची मुलाखत, मुलाखतीचे ध्वनिमुद्रण यांचाही उपयोग होतो. पहिल्या सत्रातील विद्यार्थ्याला खऱ्या माणसाच्या दुःखासमोर उभे करण्याआधी त्याला असा सराव देणे सेवार्थीच्या दृष्टीनेही योग्यच आहे. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून त्यात शिरत नाही.

आता व्यवस्थेविषयी. पर्यवेक्षक हा चांगला कार्यकर्ता असतो म्हणून तो चांगला शिकवेलच, असे आपण गृहीत धरतो. संस्थेतील कार्यकर्त्याकडे आधीच स्वतःची प्रकरणे असतात, त्यात आपण त्याच्याकडे विद्यार्थी पाठवतो आणि सत्राच्या शेवटी गुणपत्रक पाठवतो. नोंद कशी वाचावी, प्रश्न कसे विचारावेत, विद्यार्थी एखाद्या प्रसंगाने हादरलेला असेल तर त्याला कसे सावरावे, हे त्याला कुणी शिकवलेले नसते. मृत्यू, अत्याचार, उपासमार यांच्या हकिगती ऐकून आलेला बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी रात्री ते ओझे घेऊन झोपायला जाते, आणि ते ओझे बोलून दाखवण्याची जागा म्हणजे हाच तास. पर्यवेक्षणाला कार्यभारात मोजायला हवे, त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण हवे, आणि एका पर्यवेक्षकाकडे किती विद्यार्थी असावेत याची मर्यादा केवळ कागदावर न ठेवता पाळली गेली पाहिजे. पंधरा विद्यार्थ्यांच्या नोंदी आठवड्यात मन लावून वाचणे इतर कामे सांभाळून कुणालाही शक्य नाही.

शेवटचा मुद्दा अप्रिय आहे. क्षेत्रकार्यात विद्यार्थ्याला अनुत्तीर्ण करणे आपल्याला जड जाते. तो हुशार आहे, घरची परिस्थिती बेताची आहे, नोकरी लागायची आहे, अशी कारणे मनात येतात आणि आपण उत्तीर्णतेपुरते गुण देऊन टाकतो. विद्यार्थ्याची कणव येणे स्वाभाविक आहे. मात्र जो सेवार्थीची गुपिते बाहेर बोलतो, जो न केलेल्या गृहभेटीची नोंद लिहितो, वारंवार दाखवूनही ज्याला आपला तुच्छतेचा सूर ऐकू येत नाही, तो उद्या बालगृहात किंवा मनोरुग्णालयात अशा माणसांच्या वाट्याला येणार असतो, ज्यांना दुसरा कार्यकर्ता निवडण्याची सोय नसते. त्याला सत्राच्या मध्यावरच लेखी आणि स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे, सुधारणेसाठी वेळ व मदत दिली पाहिजे, आणि सुधारणा न झाल्यास थांबवले पाहिजे. हा निर्णय न्याय्य ठरायचा तर तो कुणाच्या एकूण मतावर बेतून चालणार नाही. त्यासाठी तारखांसह लिहिलेल्या नोंदी लागतात, त्यांवर त्या त्या वेळी दिलेले अभिप्राय लागतात, आणि ज्याने सही केली त्याने त्या नोंदी खरोखर वाचलेल्या असाव्या लागतात.