जन्मस्थळाचा रकाना

श्रोतेहो, नमस्कार. पर्वरी, मेरशी, ताळगाव अशा पणजी शहराला चिकटून वाढलेल्या गावांत सरकारी हायस्कुलाचा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका निघते. तीत संदेश असतात, फोटो असतात, आणि इतिहासाचं एक पान. ते पान बहुधा पहिल्याच ओळीला अडतं. स्थापना कधीची धरायची?

1961 साली गोवा मुक्त झाल्यानंतर, विशेषतः पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत, गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. कुठे देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेत, कुठे भाड्याच्या घरात. काहींना पुढे पाचवी ते सातवी जोडली गेली, मग दरसाल एक याप्रमाणे आठवी, नववी, दहावी. आठवी तेव्हा जूनमध्ये सुरू व्हायची आणि तीच मुलं दहावीच्या परीक्षेला बसायची तेव्हा सालाचा आकडा तीनने पुढे गेलेला असायचा. म्हणून ‘स्थापना’ एवढंच लिहू नका. आठवीचं साल वेगळं, दहावीच्या पहिल्या तुकडीचं वेगळं लिहा, भांडण मिटतं.

खरा ऐवज कपाटात असतो, जनरल रजिस्टरात, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेल्या वहीत. सगळं उतरवायला जाल तर महोत्सव उलटून जाईल. दर पाच वर्षांतल्या एका जून महिन्याच्या नोंदी घ्या आणि त्यातले तीनच रकाने मोजा : जन्मस्थळ, आधीची शाळा, शाळा सोडण्याचं कारण. पहिल्या पानांवर जन्मस्थळाखाली शेजारचे वाडे दिसतील. पुढे बेळगाव, कारवार, विजापूर येऊ लागलं, की समजा भाड्याच्या खोल्या आणि बांधकामं वाढली. उपनगर कसं झालं हे सांगायला याहून सरळ कागद नाही.

चुका कुठे होतात? एक, नावांत. पोर्तुगीज वळणाने लिहिलेल्या जुन्या नोंदींत शांताराम एक्स अक्षराखाली असतो आणि केशव क्यूखाली. पुढे दाखल्यावर तोच केशव ‘के’ने लिहिला गेला, की एका मुलाचे दोन होतात. जन्मतारीख आणि बापाचं नाव जुळवून पाहा. मात्र तारीख 1 जून असेल तर तिच्यावर भिस्त नको. वय अंदाजाने घालताना मास्तरांची ती आवडती तारीख. दोन, अकरावी. जुन्या पद्धतीत एस.एस.सी. अकरावीला होती आणि परीक्षा पुण्याच्या बोर्डाची. गोवा बोर्डाचा कायदा 1975चा. तेव्हा जुन्या पानावर ‘अकरावी पास’ दिसलं म्हणून हायर सेकंडरी होती असं छापू नका.

हे काम जानेवारी ते मार्चमध्ये करा. आपल्या पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात आणि ओढली की शाईच निघून येते. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर अजिबात नको, काही वर्षांत पिवळी पडते आणि अक्षर घेऊन सुटते. खळ लावाल तर कसर आणि झुरळं तिच्यावरच येतात. जुने बांधणीवाले तीत मोरचूद घालत ते यासाठीच. सोपं म्हणजे काहीच चिकटवू नये, फाटका भाग कोऱ्या कागदात घालून ठेवावा. पानांचे फोटो काढाल ते खिडकीच्या उजेडात, वहीखाली उशी ठेवून, वहीची पाठ न मोडता.

आकडे छापा, नावं नकोत. जातीचा रकाना तर मोजणाऱ्याने वहीत उतरवूही नये. आणि रजिस्टर परत ठेवताना आडवं ठेवा. उभं ठेवलं की जाड वही स्वतःच्याच वजनाने बांधणीतून निखळते.