पाइपाला हात लावू नका

मंडळी, जुळे सोलापुरात बंगला बांधला की गाडीसाठी शटर आलंच, आणि शटर आलं की कधी ना कधी ते अडणारच. मग रविवारी सकाळी घरातले कर्ते पुरुष स्टूल घेतात, पाना घेतात, मोबाइलवर व्हिडिओ लावतात. मला, म्हणजे शटरच्या फिटरला, बोलावणं येतं ते दुपारी.

आधी त्या व्हिडिओचंच सांगतो. त्यात दिसतं ते अमेरिकेतलं गॅरेजचं दार. ते मोठाल्या फळ्यांचं असतं, रुळांवरून छताखाली सरकतं. दारावर आडवा दांडा, त्यावर पीळ दिलेली स्प्रिंग. ती साधारण 10,000 वेळा उघडझाप सोसेल अशी बनवतात. रोज चारदा धरली तर सात वर्षांच्या आतच संपली. आपलं गुंडाळणारं शटर निराळं. इथे वरचा पाइप, ज्याच्याभोवती शटर गुंडाळतं तो, जागेवर असतो, ब्रॅकेटात क्लॅम्पने जखडलेला, आणि त्याच्यावरचे स्प्रिंगचे डबे फिरतात. डब्यात चपटी पट्टी, चावीच्या घड्याळात असते तशी. शटर खाली ओढलं की ती आवळते, वर ढकलताना तीच जोर देते. 8 फूट बाय 7 फुटांच्या 18 गेज जाडीच्या शटरचा नुसता सपाट पत्रा धरला तरी 50 किलोंच्या घरात जातो, आणि तरी तुमची आई ते एका हाताने उचलते. उचलते कोण? स्प्रिंग.

शटर पूर्ण वर गेलं म्हणजे स्प्रिंग मोकळी झाली, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. शिकाऊ होतो, अशोक चौकाकडे एका मागाच्या कारखान्यात काम चाललं होतं. उस्ताद चहाला गेलेले. शटर वर होतं, मी पाइपाला पाइप-पाना लावला आणि दुसऱ्या हाताने क्लॅम्पचा नट सोडायला घेतला. पहिला आटा सुटला, काही नाही. दुसऱ्याला ‘कट्ट’ आवाज झाला आणि पाना हातातून निसटून गरकन फिरला. मनगटावर बसला. अर्धा वीत वर असतो तर कपाळ होतं. फिटर शटर बसवतानाच पाइपाला पीळ देऊन ठेवतो, आणि तो पीळ शटर वर असतानाही आत असतोच. हे मला उस्तादांनी नंतर सांगितलं, आधी शिव्या घालून.

तेव्हा पाइप, क्लॅम्प, ब्रॅकेट, डबे हे तुमचं काम नाही. खालचं खुशाल करा. ‘उन्हाने शटर फुगतं, म्हणून अडतं’ असं इथे मे महिन्यात घरोघरी ऐकतो. शटरची दहा फुटी लोखंडी पट्टी 30 अंशांनी तापली तर वाढते जेमतेम एक मिलिमीटर. तेवढी जागा चॅनलमध्ये, म्हणजे शटर ज्या बाजूच्या खाचांतून वर-खाली सरकतं त्यांत, असते. खरा चोर म्हणजे तुम्ही प्रेमाने ओतलेलं इंजिन ऑइल. त्यावर आपल्याकडची धूळ बसते, मागाजवळ घर असेल तर रुईही, आणि चॅनलमध्ये काळा लगदा तयार होतो. जुना ब्रश आणि रॉकेलचा फडका घेऊन तो काढा, पुसून कोरडं करा, वर मेणबत्ती घासा. चॅनल गाडीच्या धक्क्याने आत दबला असेल तर लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हळूहळू ठोका. मोटरचं शटर असेल तर आधी मेन बंद. आणि शटर ओढताना हँडलच धरा. दोन पट्ट्यांच्या फटीत बोट गेलं तर नख जातं, माझी दोन गेलीत.

साफ झालं की अर्ध्यावर आणून हलकेच हात सैल करा. खाली उभं राहायचं नाही. तिथेच थांबलं तर उत्तम. धाडकन खाली येऊ लागलं, किंवा काल हलकं असलेलं आज एकदम जड झालं, तर आतली स्प्रिंग गेली समजा. खाली असेल तर खालीच राहू द्या. वर अडकलं असेल तर दोन्ही बाजूंना बल्ल्या लावा, पोरांना तिकडे फिरकू देऊ नका आणि फिटरला बोलवा. धंदा वाढवायला सांगत नाही हं. नुसतं चॅनल पुसायला मला बोलावलंत तर मीच ओरडेन.

आत्ता मागून एका ताईंनी विचारलं, चावी फिरते पण कुलूप लागत नाही. ताई, खालच्या पट्टीवर पाय दाबून चावी फिरवून बघा. लागलं तर कुलूप चांगलं आहे, पट्टीच पूर्ण टेकत नाहीये. कुलपाचा दांडा चॅनलच्या भोकासमोर येत नाही. उंबऱ्यावर काय अडकलंय ते बघा. मागे एका घरी नवं कुलूप आणून तयार ठेवलं होतं, आणि पट्टीखालून निघाला चिंचोका.