चाल आधी, शब्द मागून : जे चौ आणि मँडरिन गाणं

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय जे चौ, मँडरिन या चिनी भाषेत गाणारा तैवानचा गायक-संगीतकार. चिनी नाव चौ चिएलुन. जन्म 18 जानेवारी 1979, तैवानमध्ये तैपेईलगतच्या लिन्कौचा. आईवडील दोघेही शिक्षक, आई चित्रकलेची, वडील जीवशास्त्राचे. आईने अगदी लहानपणीच पियानोवर बसवलं, पुढे चेलोही शिकवला. मुलगा वयात येत असताना आईवडील वेगळे झाले आणि तो आईपाशी राहिला. तामसुईच्या तामकांग हायस्कूलच्या संगीतवर्गातून तो बाहेर पडला, पण विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत काही यश आलं नाही. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस हा मणक्याचा आजार असल्यामुळे सक्तीची लष्करी सेवा चुकली. मग हॉटेलात वेटरची नोकरी.

चरित्राचा हा भाग मी भरभर उरकला, कारण आपल्याला बघायचंय ते त्याचं काम. ते काम सुरू झालं पडद्याआडून, आणि त्याच्या गाण्याचा सगळा घाट त्या पडद्याआडच्या दिवसांनी ठरवला.

1997 साली तैवानच्या टीव्हीवर नवोदितांचा एक कार्यक्रम होता, सूत्रसंचालक जॅकी वू. एका मित्राने गाणं म्हटलं, जे चौने चाल बांधून पियानोवर साथ केली. गाणं पडलं. वूने मात्र साथीदारापुढचा स्वरलेखनाचा कागद हातात घेऊन पाहिला. इतकं गुंतागुंतीचं आणि इतकं नेटकं लिहिणारा मुलगा वाया घालवायचा नाही, म्हणून त्याला आपल्या अल्फा म्युझिक या कंपनीत पगारी संगीतकार म्हणून घेतलं. गायक म्हणून नव्हे, हे लक्षात घ्या. काम एकच, दुसऱ्यांसाठी चाली पाडायच्या. मुक्काम बराचसा स्टुडिओतच. चाली नामांकित गायकांकडे जायच्या आणि बहुतेक परत यायच्या. अँडी लाउसाठी केलेलं एक गाणं नाकारलं गेलं. ‘नानचाकू’ हे गाणं आधी चांग हुइमेई या गायिकेला दिलं होतं, तिथूनही नकार आला. यात गायकांचं फारसं चुकलं असं मला वाटत नाही. त्या चाली एका विशिष्ट गळ्याच्या, खरं तर एका विशिष्ट उच्चाराच्या होत्या आणि तो उच्चार त्या माणसाकडेच होता.

शेवटी वू म्हणाला, दहा दिवसांत पन्नास गाणी कर, त्यातली दहा निवडून तुझाच अल्बम काढतो. हा किस्सा तैवानमध्ये सगळ्यांना पाठ आहे. आकडे जरा जास्तच गोल आहेत, तेव्हा ते थोडे हातचे राखूनच घ्या. अल्बम मात्र खरा. ‘जे’ या नावाने नोव्हेंबर 2000 मध्ये निघाला आणि पुढच्या वर्षी तैवानच्या गोल्डन मेलडी पुरस्कारांत सर्वोत्तम अल्बम ठरला.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. आपल्या भावगीतात कविता आधी असते आणि संगीतकार तिला चाल लावतो. चित्रपटात पुष्कळदा उलटं होतं, चालीवर शब्द बसवतात. मँडरिन पॉपमध्ये बहुतांश कारभार या दुसऱ्या प्रकारचा, आणि जे चौचा तर जवळजवळ सगळाच. संगीतकार चाल बांधतो, निरर्थक अक्षरं घेऊन ती गुणगुणतो आणि कच्चं ध्वनिमुद्रण गीतकाराकडे धाडतो. गीतकार आधी सूर मोजतो. मँडरिनमध्ये एक चित्राक्षर म्हणजे एकच उच्चारखंड, म्हणून ढोबळमानाने एका सुराला एक अक्षर. आपल्याकडे ‘करून’ म्हणायला जागा नसली तर ‘करुनि’, ‘करोनिया’ अशी ओढाताण करता येते. तिथे ती सवलत नाही. ओळीत सहा सूर असले की सहा अक्षरं, पाचही नाहीत आणि सातही नाहीत. मग श्वास कुठे घ्यायचा ते बघायचं, कारण जोडशब्दाच्या मधोमध श्वास आला की अर्थ तुटतो. मग लांब सूर हेरायचे. वरच्या पट्टीतल्या लांब सुराला ‘आ’ किंवा ‘आंग’सारखा उघडा स्वर असेल तर आवाज मोकळा सुटतो, तिथे ‘ई’ आली की गळा आवळल्यासारखा होतो. शेवटी यमक. मँडरिनमधला उच्चारखंड स्वरावर, ‘न’वर किंवा ‘ङ’वर संपतो, क्वचित ‘र’वर, त्यामुळे यमकं मुबलक. उत्तरेकडच्या नाट्यपरंपरेने त्यांचे तेरा गट पाडून ठेवलेत, गीतकार त्यातला एक धरतो आणि शक्यतो सोडत नाही.

जे चौचा गीतकार फांग वेनशान. जन्म 1969, हुआलिएनचा. इमारतींमध्ये चोरांपासून सावध करणाऱ्या यंत्रांच्या तारा बसवायचं काम करायचा. रिकाम्या वेळात शंभरावर गीतं लिहिली, त्यांचा गठ्ठा बांधून रेकॉर्ड कंपन्यांना टपालाने पाठवला. बोलावणं आलं ते वूकडून. म्हणजे एकाच कंपनीत एक नाकारलेला चालकार आणि एक तारा ओढणारा कवी शेजारी शेजारी येऊन बसले. पुढे 2007 मध्ये दोघांनी व्यवस्थापक यांग जुनरोंगला बरोबर घेऊन जेव्हीआर म्युझिक काढली. नावातली तीन इंग्रजी अक्षरं या तिघांचीच.

आता तो उच्चार. पहिला अल्बम आला तेव्हा तक्रार हीच होती की पोरगा तोंडातल्या तोंडात बोलतो, एक शब्द कळत नाही. तक्रार खोटी नव्हती, पण तिच्यामागचं कारण बघा. मँडरिनला चार सूर आहेत: सपाट, चढता, खाली जाऊन वर येणारा आणि पडता. ‘वेन’ हा उच्चार पडत्या सुरात केला तर ‘विचारणं’, खाली बुडवून वर आणला तर ‘चुंबन घेणं’. ‘मला तुला काही विचारायचंय’ हे वाक्य चुकलं की काय होतं ते तुम्हीच ताडा. गाण्यात तर चालीचे स्वतःचे चढउतार असतात. हाँगकाँगच्या कँटोनीज गाण्यात गीतकाराला शब्दाचा सूर चालीच्या सुराशी जुळवावाच लागतो, नाहीतर श्रोते हसतात. मँडरिन गाण्यात ही अट सैल आहे. चाल जिंकते, शब्दाचा सूर माघार घेतो, आणि ऐकणारा संदर्भावरून किंवा कराओकेच्या पडद्यावरच्या ओळी वाचून अर्थ लावतो.

जे चौने ही सैल अट आणखी सैल केली. अमेरिकी आर अँड बी आणि रॅपमध्ये शब्द एकमेकांत मिसळत वाहतात. मँडरिनमध्ये प्रत्येक अक्षर सुटं, स्वतःच्या सुरासकट नीट उच्चारलं तर रॅप कुऱ्हाडीने लाकूड फोडल्यासारखा ऐकू येतो. डेव्हिड ताओने 1997 मध्ये आर अँड बीचा बाज मँडरिनमध्ये आणला होताच, पण त्याचे उच्चार स्वच्छ. जे चौने व्यंजनं बोथट केली, सूर पुसट केले, अक्षरं ठेक्याच्या किंचित मागे ढकलली. लय सुटी झाली, किंमत म्हणून शब्द हरवले. ‘नानचाकू’ ऐका, 2001 सालचं. गिटारचा खरखराट, मध्ये अरहू ही दोन तारांची चिनी सारंगी, मध्येच पियानो. रॅप झरझर निघून जातो आणि लक्षात राहतात ते व्यायामशाळेतले हुंकार. हे गाणं स्वच्छ उच्चारात म्हटलं की मरतं. चांग हुइमेईचा आवाज दमदार आणि उच्चार लख्ख, म्हणूनच ते तिचं नव्हतं.

हे गाणं ज्या ‘फँटसी’ अल्बममध्ये आहे त्याला 2002 साली पाच गोल्डन मेलडी मिळाली. पुढचा अल्बम नामांकनं घेऊन रिकाम्या हाताने परतला. मग 2003 चा अल्बम आला, नाव आईचं, ‘ये हुइमेई’. त्यात ‘दोंगफेंग पो’ आहे, आणि पुढे ‘चोंग्गुओ फेंग’, म्हणजे चिनी धाटणी, या नावाने जी लाट आली तिचं उगमस्थान बहुतेक जण तिथे दाखवतात. चिनी समीक्षकांनी या धाटणीचं सूत्रच करून टाकलंय. तीन जुन्या गोष्टी: जुना शब्द, जुनी संस्कृती, जुनी चाल. तीन नव्या: नवी गायकी, नवं संयोजन, नवी कल्पना. सूत्र ठीक आहे, पण त्यावर बेतलेली गाणी नंतर ढिगाने आली आणि बहुतेक टाकाऊ निघाली. पीपा हे चिनी तंतुवाद्य वाजवलं, चंद्र आणि दारूचा पेला घातला, झालं चिनी गाणं! हे का फसतं ते एक चांगलं उदाहरण उलगडलं की कळतं.

‘चिंगहुआत्सी’, 2007. म्हणजे निळी नक्षी काढलेली पांढरी चिनी माती. आत्ता ऐकवलेल्या तुकड्यात तुम्हाला काही ओळखीचं वाटलं असेल. पूर्ण चालीत मध्यम नाही, निषाद नाही. सा रे ग प ध, आपल्या भूपाचेच स्वर. चिनी परंपरेत या पाचांना गोंग, शांग, ज्युए, ची, यू म्हणतात. भूपाचं चलन तिथे शोधू नका, वादी-संवादीही नाहीत. सांगाडा मात्र तोच, आणि खाली संगत पाश्चात्त्य स्वरमेळांची, त्यात मध्यम-निषाद निवांत येतात. चाल पाच सुरांत कोंडलेली आणि खालची जमीन सात सुरांची, त्यामुळे चाल जुनी वाटते तरी बुरसटलेली वाटत नाही. नकलाकारांनी खालची जमीनही पाच सुरांची केली की गाणं सपाट होतं.

आता शब्द. ध्रुवपद सहा अक्षरं, पाच अक्षरं, पुन्हा सहा, पुन्हा पाच असं सुरू होतं. मग बारा अक्षरांची एक लांब ओळ, मग नऊ. ओळींची टोकं ऐका: यू, नी, ची, ली, यी, बी. सगळी टोकं ‘ई’ची किंवा ओठ गोल करून म्हटलेल्या ‘ई’ची. तेरा गटांपैकी ‘यी-ची’ नावाचा हा गट सगळ्यात अरुंद, बारीक आवाजाचा समजतात. मघाशी म्हटलं, वरच्या लांब सुराला ‘ई’ नको. फांगने मुद्दाम ‘ई’ घेतली, कारण जे चौ इथे ओरडत नाही, चाल मधल्या पट्टीत ठेवून जवळजवळ पुटपुटतो. पाऊस, भांड्याचा तळ, वाट पाहणं, या सगळ्याला तो बारीक स्वर शोभतो. चाल आणि यमक एकमेकांना विचारून बसलेत.

फांगला जाणकारांना दोन ठिकाणी पकडता येतं. ध्रुवपदाच्या सुरुवातीला पावसाची वाट पाहणारा जो आकाशी रंग आहे तो रू भट्टीतल्या भांड्यांच्या लुकणाचा, म्हणजे काचेसारख्या लेपाचा, निळ्या नक्षीच्या भांड्याचा नव्हे. ती नक्षी कोबाल्टने काढून वर पारदर्शक लुकण देतात. आणि भांड्याच्या तळाशी राजवटीची मोहोर बहुधा सरळ काईशू वळणात किंवा झुआन वळणात असते, गाण्यात म्हटल्यासारखी हान काळच्या ली वळणात क्वचित. माझं मत विचाराल तर दोन्ही चुका माफ. पण फांगला अभ्यासू कवी म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी त्या ठाऊक ठेवाव्यात. 2008 मध्ये याच गाण्याला गीत, चाल आणि वर्षातलं सर्वोत्तम गाणं अशी तिन्ही गोल्डन मेलडी मिळाली.

सिनेमाबद्दल थोडक्यात. 2005 मध्ये ‘इनिशियल डी’तला शर्यतवाला, 2007 मध्ये ‘सीक्रेट’ हा स्वतः दिग्दर्शित केलेला चित्रपट, चित्रण आपल्याच तामकांग हायस्कूलमध्ये. 2011 मध्ये हॉलिवूडच्या ‘ग्रीन हॉर्नेट’मध्ये काटो. ‘सीक्रेट’ बघा, बाकीचे नाही बघितले तरी चालेल.

धंद्याची बाजू मात्र रंजक आहे. तो आला तेव्हा चीनच्या मुख्य भूमीवर चोरट्या सीडींचं राज्य होतं. गाणी घरोघरी पोचली, पैसा पोचला नाही. डिसेंबर 2014 मध्ये त्याचा अल्बम टेनसेंट कंपनीच्या क्यूक्यू म्युझिक या ॲपवर 20 युआनला विकायला ठेवला गेला, तेव्हा चिनी श्रोत्याने डिजिटल अल्बमला पैसे मोजणं ही नवलाई होती. पुढे ॲप कंपन्यांच्या स्पर्धेत त्याची गाणी हेच हत्यार झालं. एप्रिल 2018 मध्ये नेटईज या प्रतिस्पर्धी कंपनीच्या ॲपवरचे त्याचे हक्क संपले, गाणी गेली, आणि श्रोते टेनसेंटच्या ॲपांकडे वळले. 2021 मध्ये चिनी नियामकांनी टेनसेंटला असे एकहाती हक्क सोडायला लावले.

जुलै 2019 मधली गंमत सांगतो. डौबान या चिनी चर्चास्थळावर कोणीतरी विचारलं की या जे चौची एवढी तिकिटं कोण घेतं, वेइबो या समाजमाध्यमाच्या आकड्यांत तर तो कुठेच दिसत नाही! आकडे वाढवण्यासाठी रोज हजेरी लावायची असते हे त्याच्या तिशी-चाळिशीतल्या श्रोत्यांना माहीतच नव्हतं. ते शिकले, स्वतःला ‘मावळतीचे चाहते’ म्हणवून घेत कामाला लागले आणि काही दिवसांत त्याला पहिल्या क्रमांकावर नेऊन ठेवलं.

2022 चा ‘ग्रेटेस्ट वर्क्स ऑफ आर्ट’ 30 युआनला विकला गेला आणि आंतरराष्ट्रीय ध्वनिमुद्रण महासंघाच्या यादीत त्या वर्षीचा जगातला सर्वाधिक विकला गेलेला अल्बम ठरला. बारा तुकडे, त्यातला एक प्रास्ताविकाचा, पाच आधीच बाजारात आलेले, नवी गाणी सहाच. सहा वर्षांनी आलेल्या अल्बमकडून अपेक्षा जास्त होती, हे त्याच्या चाहत्यांनीही बोलून दाखवलं.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: भाषा येत नाही, कुठून सुरुवात करावी? आधी 2001 चा ‘फँटसी’ पूर्ण ऐका, शब्दांकडे अजिबात लक्ष न देता, फक्त ठेका. मग ‘चिंगहुआत्सी’ रोमन लिपीतले उच्चार समोर ठेवून, ओळींची टोकं मोजत. त्यानंतर ‘च्येनली चिवाय’, 2006 चं. त्यात जुन्या पिढीतला फेई यू-चिंग त्याच्याबरोबर गातो. एकाच चालीत एक जण प्रत्येक अक्षर घासूनपुसून ठेवतो, दुसरा ते गिळतो. हेडफोन लावा आणि फेई यू-चिंगच्या ओळीतलं शेवटचं अक्षर किती वेळ टिकतं ते घड्याळ लावून बघा.