चेहरा नसलेला अल्बम

(पडद्यावर: जुन्या हॉटेलची खोली, टेबलावर रेकॉर्डिंगचं सामान)

नोव्हेंबर १९३६. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचं गंटर हॉटेल. मिसिसिपीहून आलेला पंचविशीचा एक काळा तरुण इथे गायला बसलाय. नाव रॉबर्ट जॉन्सन. गातो ते ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. सोबतीला फक्त गिटार.

रेकॉर्डिंगची जबाबदारी डॉन लॉ यांच्याकडे होती. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. तिथे आलेल्या मेक्सिकन वादकांना काहीतरी वाजवून दाखव म्हटल्यावर जॉन्सननं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि मगच वाजवलं. लॉंना वाटलं, पोरगं बुजलंय. पुढच्या लोकांनी तर्क लढवले. कुणी म्हणालं, बोटं लपवत असेल. कुणी म्हणालं, कोपऱ्यात गिटारचा आवाज भरदार येतो, हे त्याला ठाऊक होतं. आपलं मत या शेवटच्या बाजूनं.

सॅन अँटोनिओत तीन दिवस, जून १९३७मध्ये डॅलसला दोन दिवस. २९ गाणी. ऑगस्ट १९३८मध्ये मिसिसिपीतल्या ग्रीनवूडजवळ तो गेला. वय २७.

त्याच वर्षी डिसेंबरात संगीत-निर्माते जॉन हॅमंड यांना न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या मैफिलीसाठी हाच गायक हवा होता. तो हयात नाही असं कळल्यावर त्यांनी रंगमंचावर त्याच्या तबकड्या वाजवल्या.

(पडद्यावर: एलपीचं मुखपृष्ठ)

मग १९६१ उजाडलं. कोलंबिया कंपनीनं १६ गाण्यांची एलपी, म्हणजे बरीच गाणी मावणारी मोठी तबकडी, काढली, 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स'. म्हणजे ज्यानं तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांपलीकडे काही पाहिलं नाही, त्याचा अल्बम निघाला मरणानंतर तेवीस वर्षांनी. छापायला फोटोही हाताशी नव्हता. म्हणून मुखपृष्ठावर चित्र आलं: खुर्चीत गिटारवर वाकलेला माणूस, वरून पाहिलेला. चेहरा दिसतच नाही.

आता ऐका. 'कम ऑन इन माय किचन'.

स्लाइड, म्हणजे बोटात घातलेली नळी, तारेवरून इतकी हळू सरकते की गिटार गुणगुणतेय असं वाटतं. मध्येच तो गाणं थांबवतो आणि जवळजवळ कुजबुजत विचारतो, वारा कसा घोंघावतोय, ऐकू येतंय का? आणि लगेच एका बारीक सुरात तो वारा वाजवून दाखवतो. 'वॉकिंग ब्लूज' लावलंत तर हाच माणूस अंगठ्यानं खर्जाचे ठोके धरतो आणि उरलेल्या बोटांनी त्यावर दुसरंच काही बोलतो. दोघं वाजवतायत असं वाटतं. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या कीथ रिचर्ड्सनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यानंही विचारलं होतं, सोबत वाजवणारा दुसरा कोण?

(पडद्यावर: मिसिसिपीतला मातीचा रस्ता)

सैतानाची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. मध्यरात्री चौरस्त्यावर आत्मा विकला आणि त्याबदल्यात गिटारवरचा हात मिळाला, वगैरे. ही कथा आधी टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगितली जायची. आडनाव सारखं, कथा इकडे चिकटली. एलपीतलं पहिलंच गाणं चौरस्त्याचं आहे, पण त्यात सौदा कुठेच नाही. माणूस गुडघे टेकून देवाकडे दया मागतो, येणाऱ्या गाड्यांना हात करतो, कुणी थांबत नाही, आणि दिवस मावळतोय. त्या काळच्या मिसिसिपीत परक्या रस्त्यावर अंधारात सापडलेल्या काळ्या माणसाला घाबरायला सैतान लागत नव्हता.

हात आला तो रियाझानं. आइक झिमरमन नावाच्या गिटारवाल्याकडे तो शिकला. दोघं रात्री स्मशानात बसून वाजवायचे, कारण तिथे हटकणारं कुणी नसे. दंतकथेला एवढं पुरलं.

ही एलपी इंग्लंडला पोचली आणि तिथली पोरं वेडी झाली. गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या क्रीम या बँडनं १९६८मध्ये तेच चौरस्त्याचं गाणं दणदणीत रॉक करून टाकलं. १९९०मध्ये सगळी ध्वनिमुद्रणं एकत्र आली, दहा लाखांवर संच खपले. पण त्यात एकाच गाण्याचे दोन-दोन टेक, म्हणजे तेच गाणं पुन्हा गाऊन केलेली मुद्रणं, पाठोपाठ येतात, नवा श्रोता कंटाळतो. सुरुवात १९६१च्या सोळा गाण्यांनीच करा. एका बैठकीत एकच बाजू.