पहिला स्मोकर घेताना पैसा कशावर घालावा

श्रोतेहो, आज इथे जमलेल्यांपैकी बहुतेकांनी अमेरिकन बार्बेक्यूचे व्हिडिओ पाहिलेले आहेत आणि व्याख्यानाआधी भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: पहिला स्मोकर, म्हणजे धुरावर मंद आचेने मांस शिजवायची भट्टी, कोणता घ्यावा आणि त्यावर किती खर्च करावा? माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्याच्या हाताशी थोडे पैसे आहेत, त्याने घट्ट बसणारे झाकण आणि वर एक, खाली एक अशा हवेच्या सरकत्या झडपा असलेली गोल भट्टी घ्यावी, नाहीतर आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ड्रमचा स्मोकर करून घ्यावा. ठरवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा चांगल्या थर्मामीटरसाठी आधीच बाजूला काढावा. आणि आडव्या टाकीला शेजारी आगपेटी जोडलेला पातळ पत्र्याचा स्वस्त स्मोकर, जो फोटोत सर्वांत रुबाबदार दिसतो, तो मात्र घेऊ नये.

आता याची कारणे. धुराची चव आपल्याला नवी नाही. वाटीत निखारा ठेवायचा, त्यावर तुपाची धार सोडायची आणि पातेल्यावर पाच मिनिटे झाकण ठेवायचे, हा धुंगार आपल्या घरांतून चालत आलेला आहे. पण धुंगार देताना पदार्थ आधीच शिजलेला असतो. धूर फक्त वास देतो. स्मोकरमध्ये धूर आणि शिजणे ही दोन्ही कामे एकाच विस्तवावर, तासन्‌तास आणि अगदी मंद आचेवर होतात. साधारण १०७ ते १२१ अंश सेल्सिअस ही त्याची नेहमीची पातळी. बकऱ्याच्या खांद्यासारख्या चिवट भागात कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर असते. मांसाचे आतले तापमान ७० अंशांच्या पुढे गेले आणि तिथे बराच वेळ राहिले की ते विरघळून जिलेटिन होते, आणि ९० ते ९५ अंशांपर्यंत पोचल्यावर मांस हाडापासून हाताने सुटते. ही प्रक्रिया घाईने होत नाही. म्हणून स्मोकरची खरी परीक्षा एकच: एकदा लावलेला विस्तव पाच-सहा तास त्याच पातळीवर राहतो की नाही.

विस्तव राखायचा म्हणजे हवा राखायची. लोहाराच्या भात्याने निखारा फुलतो, त्याच्या बरोबर उलटे काम इथे करायचे असते. खालच्या झडपेतून हवा आत येते, कोळसा तेवढाच पेटतो आणि धूर वरच्या झडपेतून बाहेर पडतो. तापमान वाढवायचे किंवा कमी करायचे ते खालच्या झडपेने. वरची झडप बहुतेक वेळ उघडीच ठेवावी, कारण ती बंद केली की धूर आत कोंडतो. लाकूड हवेअभावी धुमसू लागले की पांढरा, दाट धूर निघतो आणि मांसावर कडवट, काळपट थर बसतो. लाकूड नीट जळत असेल तर जेमतेम दिसणारा, निळसर धूर येतो. लाकडातल्या लिग्निनपासून तयार होणारी ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगे आपल्याला हवी असलेली चव त्याच धुरातून देतात. नवशिका माणूस भरपूर पांढरा धूर पाहून खूश होतो. त्याने धूर कमी करायला शिकले पाहिजे.

हे लक्षात घेतले की स्वस्त आडवा स्मोकर का नको ते आपोआप कळते. त्यात विस्तव एका बाजूच्या पेटीत असतो, उष्णता आणि धूर आडवे जाऊन टाकीच्या दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून बाहेर पडतात. टेक्ससमधले नावाजलेले भट्टीवाले हीच रचना वापरतात, पण त्यांच्या भट्ट्या सहा मिलिमीटर किंवा त्याहून जाड पोलादाच्या असतात. तेवढे जाड लोखंड एकदा तापले की वारा आला, झाकण उघडले तरी पातळी फारशी ढळत नाही. दीड मिलिमीटरच्या पत्र्याची तीच भट्टी विस्तवाच्या बाजूला करपवते आणि धुराड्याच्या बाजूला कच्चे ठेवते. दारे, कडा, सांधे सगळीकडून हवा ओढते आणि दर अर्ध्या तासाला लाकूड मागते. नवशिक्याचा सगळा दिवस तिची मनधरणी करण्यात जातो, आणि चूक यंत्राची असताना दोष तो स्वतःला देतो. याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण अशी माणसे दोन-तीनदा प्रयत्न करून हा छंदच सोडून देतात.

दुकानात कोणतीही भट्टी पाहताना एक सोपी तपासणी करा. मोबाइलचा टॉर्च सुरू करून आत ठेवा, झाकण आणि झडपा बंद करा आणि दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कडेने डोळा फिरवा. जिथून उजेड दिसतो तिथून हवा जाणार. झाकणाच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली तर चालेल. बोटभर फट दिसली तर ती भट्टी तिथेच ठेवून या. मग खालची झडप दहा वेळा सरकवून पाहा. ती अडकत असेल किंवा पूर्ण बंद होत नसेल, तर तापमान तुमच्या हातात राहणार नाही.

गोल भट्टीचा जन्मही वारा आणि राख यांच्या त्रासातूनच झाला. अमेरिकेत शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये पाण्यावर तरंगत्या बोयासाठी बनणारा पत्र्याचा गोल अर्धा करून त्याची झाकणवाली भट्टी केली. तीच रचना आज अनेक नावांनी मिळते. घ्यायची असेल तर ५७ सेंटिमीटर व्यासाची घ्या. लहान भट्टीत विस्तव मांसापासून पुरेसा दूर ठेवता येत नाही.

या भट्टीत संथ विस्तव कसा लावायचा ते नीट समजून घ्या, कारण सगळी किमया यातच आहे. भट्टीच्या आतल्या कडेने कोळशाच्या वड्यांची, म्हणजे ब्रिकेटची, दोन वड्या रुंद आणि दोन वड्या उंच अशी रांग लावत जायचे आणि वर्तुळाचा पाऊण भाग झाला की थांबायचे. रांगेच्या पहिल्या अर्ध्या भागावर वीतभर अंतराने मुठीएवढे लाकडाचे तुकडे ठेवायचे. मधल्या मोकळ्या जागेत पाण्याने भरलेले पसरट भांडे ठेवायचे. मग आठ-दहा वड्या वेगळ्या पेटवून, त्यांच्यावर राखेची पांढरी साय आली की रांगेच्या एका टोकाला अलगद ठेवायच्या. विस्तव वातीसारखा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो आणि जाळीवरचे मांस पाण्याच्या बरोबर वर, विस्तवापासून दूर राहते. खालची झडप करंगळीएवढी उघडी ठेवली की सहा तासांचे काम सहज होते. वड्यांऐवजी लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा वापरायचा असेल तर एकसारखे तुकडे निवडून घ्यावे लागतात. चुऱ्यामुळे विस्तव मध्येच गुदमरतो.

दुसरा मार्ग ड्रमचा, आणि बेळगावकरांना तो विशेष सोयीचा आहे. उद्यमबाग आणि मच्छे इथे फाउंड्र्या आणि मशीन शॉप चालवणाऱ्या या गावात कापणारे, भोके पाडणारे, वेल्डिंग करणारे कुशल हात घरापासून काही मिनिटांवर आहेत. दोनशे लिटरचा पोलादी ड्रम घ्यायचा. तळापासून चार-पाच सेंटिमीटरवर पाऊण इंची तीन-चार भोके पाडून त्यांना पाइपचे तुकडे बसवायचे. एकाला बॉल व्हॉल्व्ह आणि बाकीच्यांना टोपणे. कोळशासाठी जाळीची बादली, तिच्यापासून सुमारे ६० सेंटिमीटर वर मांसाची जाळी, आणि झाकणावर एक लहान धुराडे.

ड्रम निवडताना मात्र कठोर राहा. आधी काय भरले होते ते ठामपणे सांगता येत नसेल, तर तो ड्रम घेऊ नये. कीटकनाशके, रंग, रसायने यांचे ड्रम भंगारात सर्रास येतात आणि ते धुऊन निर्धोक होत नाहीत. आतून एपॉक्सीचा थर असेल तर ड्रमभर लाकडे पेटवून तो थर संपूर्ण जाळावा लागतो, नंतर तारेच्या ब्रशने घासून खाद्यतेलाचा हात द्यावा लागतो. शक्य असल्यास आतून थर नसलेला नवा ड्रमच मागावा. जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, पत्रा किंवा जाळी आत कुठेही नको. तापलेल्या जस्ताच्या वाफेने वेल्डिंगवाल्यांना ताप भरतो, हे त्या कामातल्या कोणालाही विचारा. मांसाची जाळी स्टेनलेस स्टीलचीच करून घ्यावी. रंग फक्त बाहेरून, तोही उष्णता सहन करणारा.

समोरून प्रश्न आला आहे की ड्रमचा पत्राही पातळच असतो, मग आडव्या भट्टीला नावे ठेवून ड्रमची शिफारस कशी? प्रश्न अगदी योग्य आहे. ड्रममध्ये विस्तव मांसाच्या खाली असतो आणि उष्णता सरळ वर जाते. तिला पातळ पत्र्याला घासत आडवा प्रवास करायचा नसतो. शिवाय ड्रमला दारे नसतात, त्यामुळे हवा आपण पाडलेल्या भोकांमधूनच येते. पत्र्याच्या जाडीपेक्षा हवाबंदपणा इथे जास्त उपयोगी पडतो.

विजेवर चालणारे आणि पेलेटवर, म्हणजे लाकडाच्या लहान गोळ्यांवर, चालणारे स्मोकर यांविषयी थोडक्यात बोलतो. पेलेट ग्रिल अमेरिकेत १९८० च्या दशकात ओरेगॉनमध्ये आले; तापमान आपोआप सांभाळतात, पण किंमत मोठी आणि वीज गेली की काम थांबते. त्यांना लागणाऱ्या शुद्ध लाकडाच्या गोळ्या आपल्याकडे सहज मिळत नाहीत. बॉयलरसाठी भुईमुगाची टरफले, बगॅस म्हणजे उसाची चिपाडे यांपासून बनवलेला ‘व्हाइट कोल’ त्याऐवजी कधीही वापरू नका. तो अन्नासाठी बनवलेला नसतो. मातीच्या जाड भिंतीचे कामाडो उत्तम, पण ती पहिली खरेदी नव्हे.

आता थर्मामीटर. झाकणावर बसवलेली तबकडी वरच्या हवेचे तापमान दाखवते. जाळीजवळ त्यापेक्षा वीस-तीस अंशांचा फरक असू शकतो. म्हणून दोन सळ्यांचे थर्मामीटर घ्या: एक सळी जाळीपाशी, दुसरी मांसात. ते आणले की आधी तपासा. बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात ते शून्य दाखवले पाहिजे. उकळत्या पाण्यात मात्र १०० ची अपेक्षा करू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच असल्यामुळे इथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. चांगले यंत्र केवळ यामुळे बिघडलेले समजून परत करू नका.

कोळसा लोणारी किंवा वड्यांचाच हवा. फाउंड्रीचा कोक किंवा दगडी कोळसा अन्नाखाली कधीही नको आणि पेटवायला रॉकेलही नको. लाकूड वखारीतून, चांगले वाळलेले, साल सुटू लागलेले घ्यावे: आंबा, पेरू, चिंच, बाभूळ. खानापूरच्या रानातून तोडून आणू नये. कडुनिंब, निलगिरी, पॅकिंगच्या पेट्यांचे लाकूड आणि प्लायवूड टाळावे. कण्हेर विषारी आहे. बिब्ब्याचे लाकूड आणि काजूची टरफले यांचा चीक अंगावर फोड उठवतो, त्यामुळे ती विस्तवाच्या आसपासही नकोत.

पावसाळ्याविषयी कळकळीने सांगतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस थांबत नाही, आणि मग भट्टी पोर्चमध्ये, गॅरेजमध्ये, बंद गॅलरीत आणण्याचा मोह होतो. पेटलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास, आणि बंद जागेत तो माणसाचा जीव घेतो. चारही बाजूंनी उघडा मांडव नसेल तर पावसाळाभर भट्टी बंद ठेवा. ठेवण्याआधी राख पूर्ण काढा, कारण राख ओल धरते आणि पत्रा खाऊन टाकते. कोळसा घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

पहिल्यांदा नुसताच विस्तव लावून, मांस न ठेवता, तीन-चार तास झडपांचा अंदाज घ्या. नंतर कोंबडी करा. ती सव्वा किलोची असेल तर १३५ अंशांवर दोन-अडीच तासांत होते, आणि मांडीच्या जाड भागात ७४ अंश दिसले की उतरवायची. शाकाहारी घरांत पनीर आणि भरताची वांगी याच विस्तवावर छान होतात. बकऱ्याचा खांदा त्यानंतर. त्याचे आतले तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कधी तास-दीड तास हलतच नाही, कारण मांसातून सुटणारी वाफ उष्णता घेऊन जाते. त्या वेळी घाबरून झडप उघडू नका. बकऱ्यात चरबी कमी असते, म्हणून तिथेच तो फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, ९२ अंशांपर्यंत जाऊ द्या आणि उतरवल्यावर अर्धा तास तसाच गुंडाळलेला ठेवून मग सोडा.