उशीवर ठेवलेला मास्क

ऑक्सिजनला आपण प्राणवायू म्हणतो. नावातच प्राण आल्यामुळे त्याची भीती कुणालाच वाटत नाही, आणि रुग्णवाहिकेच्या बाबतीत मला काळजी वाटते ती नेमकी याचीच.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही. पण हवेतलं त्याचं प्रमाण २१ टक्के असतं, ते २३-२४ टक्क्यांवर गेलं तरी धोका वाढू लागतो. आणखी वाढलं, की एरवी नुसतं धुमसणारं कापड भडकन पेटतं. १९६७ साली अपोलो १ च्या यानात, जमिनीवरच चाचणी चालू असताना, शुद्ध ऑक्सिजनमध्ये आग लागली आणि तिन्ही अंतराळवीर गेले.

तुम्ही म्हणाल, रुग्णवाहिकेत तेवढा ऑक्सिजन कुठून येणार? सगळ्या गाडीत नसेलही. पण मिनिटाला १५ लिटर सोडला, तर दहा मिनिटांत १५० लिटर बाहेर पडतो. मास्क काढून तसाच उशीवर ठेवला, तर हा वायू पांघरुणात, केसांत, कपड्यांच्या घड्यांत साठत जातो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा किंचित जड असल्यामुळे तो खाली रेंगाळतो. म्हणून माझा आग्रह एकच: मास्क चेहऱ्यावरून निघाला, की त्याच क्षणी दुसरा हात ऑक्सिजन बंद करायच्या नॉबवर गेला पाहिजे. ‘लगेच परत लावायचाय’ म्हणून चालू ठेवलेला मास्क मला सिलिंडरपेक्षा जास्त धोकादायक वाटतो.

हृदय बंद पडलेल्या रुग्णाला विजेचा शॉक देताना तर हे फार महत्त्वाचं. पॅड नीट चिकटलं नसेल, छातीवर केस किंवा घाम असेल, तर ठिणगी उडू शकते. मास्क छातीपासून निदान एक मीटर लांब न्या. नळी श्वासनलिकेत असेल आणि व्हेंटिलेटरची जोडणी बंद, न गळणारी असेल, तर ती तशीच राहू द्या. हे सगळं करताना छाती दाबणं मात्र थांबता कामा नये. शॉकच्या क्षणापुरते हात उचलायचे, बस्स.

सिलिंडरचं थोडक्यात सांगतो. व्हॉल्व्ह हळू उघडा. दाबाखालचा वायू एकदम रेग्युलेटरमध्ये, म्हणजे दाब कमी करणाऱ्या भागात, शिरला तर आतली हवा दाबली जाऊन प्रचंड तापते. तिथे तेल-ग्रीसचं बोटही लागू देऊ नका.

गरज नसताना ऑक्सिजन लावणं हाही आगीचाच प्रश्न आहे, आणि हा मुद्दा प्रशिक्षणात सुटतो. बहुतेक रुग्णांना रक्तातल्या ऑक्सिजनची ९४ ते ९८ टक्के पातळी पुरते, फुप्फुसांच्या जुनाट आजारात कित्येकदा ८८ ते ९२. त्यापुढे सोडलेला वायू रुग्णाच्या कामाचा नसतो. तो पांघरुणात जातो.

घरी ऑक्सिजन घेणाऱ्यांच्या नातेवाइकांनाही हेच सांगा. यंत्र बंद केलं म्हणून लगेच विडी पेटवायची नाही, देवापुढे दिवा लावायला वाकायचं नाही. अंगावरच्या कपड्यांत ऑक्सिजन अजून असतो. खिडकी उघडायची, कपडे झटकायचे, आणि चांगली अर्धा तास वाट पाहायची.